महाडचा २५ डिसेंबर आणि सात थरांचा केक

महाडमध्ये २५ डिसेंबर उजाडला की क्रांतिस्तंभाच्या दिशेने निळे झेंडे घेतलेली माणसं दिसू लागतात. बाकी जगासाठी हा नाताळ. आमच्या गावासाठी हा मनुस्मृती दहनाचा दिवस. आमच्या घरात मात्र या तारखेची आणखी एक ओळख होती. त्या दिवशी दादी केक करायची.

साधा केक नव्हे. सात थरांचा, नारळाच्या दुधाचा, जायफळाचा वास सुटलेला. गोव्यात त्याला बेबिंका म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला ‘जहाजाचा केक’ म्हणायचो. मुसलमानाच्या घरात, तेही किनाऱ्यापासून आत असलेल्या महाडात, नाताळच्या दिवशी हा पदार्थ कसा आला, मध्येच का बंद झाला आणि गेल्या डिसेंबरात पुन्हा कसा झाला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. घरगुती गोष्ट आहे, पण तिच्या मागे बराच इतिहास उभा आहे.

आधी केकविषयी. बेबिंका हा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचा सणाचा पदार्थ. अंड्याचं पिवळं, साखर, मैदा, नारळाचं घट्ट दूध, तूप आणि जायफळ एवढंच साहित्य. सगळी मेहनत भाजण्यात. पातेल्यात तूप घालायचं, मिश्रणाचा एक पातळ थर ओतायचा, झाकणावर निखारे ठेवायचे. थर वरून तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा मिश्रण, पुन्हा निखारे. एक थर भाजल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि नुसता शिरा होतो. जुन्या पद्धतीत मातीची चूल आणि नारळाच्या सोडणांचे निखारे असत. सात थरांना तीन-चार तास सहज जातात. सोळा थरांचा असेल तर अख्खा दिवस.

गोव्यात एक कथा सांगतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने हा केक पहिल्यांदा केला. लिस्बनच्या आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांची आठवण म्हणून तिने सात थर दिले. धर्मगुरूंना तो लहान वाटला, म्हणून थर वाढवून सोळा केले गेले. ही दंतकथा आहे, पण तिच्यामागचं वास्तव खरं आहे. पोर्तुगालमध्ये अंड्याच्या पिवळ्याची मिठाई ही कॉन्व्हेंटांची खासियत. अंड्याचं पांढरं कपड्यांना खळ द्यायला वापरलं जाई आणि उरलेल्या पिवळ्यातून मिठाया होत. सांता मोनिकाची स्थापना १६०६ सालची. तिथे पोर्तुगालची अंडी-साखरेची रीत कोकणच्या नारळाला भेटली असावी, असं मानायला जागा आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण बेबिंका एकटा नाही. इंडोनेशियात ‘लापिस लेगित’ नावाचा थरांचा केक आहे. त्यात लोण्याबरोबर दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री असते. तोही तसाच, एकेक थर वरून भाजत करतात. डच अमलात तो तिथे रुजला. डच त्याला ‘स्पेककुक’ म्हणत, म्हणजे डुकराच्या चरबीचा केक. त्यात डुकराचं काहीही नसतं. थर चरबी-मांसाच्या पट्ट्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं. आज हाच केक जगातल्या सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या देशात ईदच्या ताटात असतो. तिथले चिनी लोक तो आपल्या नववर्षाला खातात, ख्रिस्ती लोक नाताळला. मलेशियाच्या सारावाकमध्येही थरांचे रंगीत केक ईदला आणि नाताळला दोन्ही वेळा होतात. केरळच्या माप्पिळा मुसलमानांकडे ‘चट्टी पत्तिरी’ आहे. तीही थरांची, आणि जुन्या घरांत झाकणावर निखारे ठेवूनच व्हायची. हिंदी महासागराच्या काठाकाठाने हा पदार्थ गावं आणि धर्म बदलत फिरला आहे.

त्यातलं जायफळही साधं नाही. कित्येक शतकं जायफळ फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकत होतं. अरब, गुजराती, जावानीज व्यापारी ते तिथून आणत. या बेटांवर तोवर इस्लाम पोचलेला होता. १५१२ मध्ये पोर्तुगीज तिथे पोचले. १६२१ मध्ये डच कंपनीच्या यान पीटरसून कून याने जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी बांदाच्या लोकांची कत्तल केली. बहुतेक मूळ वस्ती मारली गेली, उपासमारीने मेली किंवा गुलाम झाली. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाच्या ‘कोंकण सुगंधा’सारख्या जाती दिल्या आहेत आणि आपल्या नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ लागतं. सणाच्या पदार्थाला येणाऱ्या गोड वासामागे असाही रक्ताचा इतिहास असतो. तो माहीत असावा, एवढंच.

आता हा केक महाडला कसा आला ते.

कोकणी मुसलमानांचं समुद्राशी जुनं नातं आहे. इंग्रजी अमलात पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी जवळपास ठरलेली असे. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले मुसलमान खलाशी. इंजिनच्या भट्टीवर बहुतेक पठाण आणि पंजाबी. प्रवाशांच्या स्वयंपाकघरात आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. डेकच्या लोकांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि त्यांचा स्वयंपाक करणारा भंडारी वेगळा. एकाच जहाजावर चुली वेगवेगळ्या. हलाल-हरामचा प्रश्न त्यातून सुटायचा आणि मालकांना माणसं गटागटाने ताब्यात ठेवणंही सोपं जायचं.

माझे आजोबा डेकवर होते. ते सांगत की एका नाताळला गोवेकर स्वयंपाक्याने थाळी भरून केक आणला आणि सारंगापुढे ठेवला. आणतानाच तो म्हणाला, ‘यात दारू नाही, चरबी नाही. तूप आहे, नारळ आहे.’ सारंग जरा थांबला, मग बिस्मिल्ला म्हणून त्याने एक तुकडा उचलला. त्यानंतर ईदला डेकवरून शिरखुर्मा गोवेकरांच्या चुलीकडे जाऊ लागला. चार समुद्र फिरताना आजोबांनी कृती डोळ्यांनी शिकून घेतली. त्यांना लिहिता येत नव्हतं. रजेवर घरी आले की दादीला समोर बसवून तोंडी सांगायचे.

दादी पोलादपूरची. तिथे डिसेंबरात आंबेनळी घाटाकडून गार वारं उतरतं आणि पहाटे चुलीपासून कुणी हलत नाही. किनाऱ्याची मुबलकता तिथे नाही. भात, नाचणी आणि डोंगर. नारळ श्रीवर्धनकडून येणाऱ्या माणसाकडून घ्यायचे, जायफळ महाडच्या बाजारातून. पण वर-खाली निखारे ठेवून भाजणं तिला नवीन नव्हतं. शेजारच्या हिंदू घरात काकडीचं धोंडस तसंच व्हायचं. आमच्याकडे सांदण उकडायचं, गोड रव्याचा केक निखाऱ्यावर भाजायचा. त्यामुळे आजोबांनी जे समुद्रापारचं म्हणून सांगितलं, ते दादीला घरचंच वाटलं. तिचं प्रमाण असं होतं: दोन नारळांचं घट्ट दूध, दहा अंड्यांचं पिवळं, अर्ध्या किलोला थोडी कमी साखर, पाव किलोच्या आत मैदा, पाव किलो तूप, अर्धं जायफळ किसून आणि चिमूटभर मीठ. उरलेल्या पांढऱ्याचं ऑम्लेट आम्हा पोरांना.

आणि केक झाला की तो घरात राहत नसे. एक थाळी शेजारच्या हिंदू घरी, एक आमच्या वस्तीत. तिसरी क्रांतिस्तंभाच्या दर्शनाला आलेल्या, आजोबांच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे. आम्हा मुलांना ते काम मिळायचं. तेव्हा मला वाटे, केक आहे, वाटायचाच असतो. या थाळ्यांना केवढं वजन आहे हे इतिहास वाचल्यावर कळलं.

कारण महाराष्ट्रात ‘कुणाच्या हातचं खायचं’ हा प्रश्न कधीच फक्त पोटाचा नव्हता. वसई आणि गोव्यात अजून सांगतात की पोर्तुगीज पाद्री विहिरीत पाव टाकत आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं असं धरलं जाई. ही गोष्ट जशीच्या तशी खरी असो वा नसो, ती इतकी वर्षं टिकली यातच आपल्या समाजाचं एक चित्र दिसतं. पुढे १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा हा तिचा हेतू. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती भटाऱ्याने केलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. सुधारकांची परीक्षा घ्यायला त्या काळी पाव आणि पाणी पुरेसं होतं! सभा गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली.

तीस वर्षांनी पुण्यात तेच. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर मंडळींत न्या. रानडे, लोकमान्य टिळक, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुणं हादरलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका चहाच्या कपासाठी.

आणि मग आमचं महाड. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. पण कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, कारण गावात त्यांना पाणी मिळत नव्हतं. २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या मागून लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि मंडपावर हल्ला झाला. लोक जेवत होते. हल्लेखोरांनी अन्न मातीत तुडवलं, भांडी फोडली. मारहाणीतून वाचण्यासाठी अनेकांनी गावातल्या मुसलमान घरांत आसरा घेतला. नंतर तळं शुद्ध करायला पंचगव्याचे १०८ घडे ओतण्यात आले.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम होता. सवर्ण जागा देईनात. त्या वेळी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन मंडपासाठी दिली. बाजारातून सामान मिळणार नाही म्हणून कार्यकर्त्यांना धान्याची सोय आधीच बाहेरून करावी लागली. २४ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला आले. २५ डिसेंबरच्या रात्री, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, त्याच मंडपासमोर मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाडच्या मुसलमानांना या इतिहासाचा अभिमान वाटावा, तो मलाही वाटतो. पण अभिमानाबरोबर एक प्रश्नही येतो. १९२७ मध्ये आमच्या वाडवडिलांनी दार उघडलं, जमीन दिली. आज आम्ही काय करतो? जातीची उतरंड आमच्याही बिरादऱ्यांत शिरलेली आहे. लग्नं ठरवताना, पंगतीत बसताना ती डोकं वर काढते. एका जुन्या चांगल्या कामाच्या पुण्याईवर आपल्याला कायम राहता येणार नाही.

आमच्या घरचा केक १९९३ च्या जानेवारीनंतर बंद झाला. मुंबईत दंगली पेटल्या होत्या. महाडात काही झालं नाही, पण माणसं आपापल्या दारात थबकली. त्या वर्षी थाळी घेऊन गेलो नाही, पलीकडून दिवाळीचा फराळही आला नाही. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. नुसतं ‘राहू दे यंदा’ असं झालं, आणि ‘यंदा’ पुष्कळ वर्षं टिकला. पुढे आमच्याकडेही वेगळं बोलणं सुरू झालं. आमच्या चाचांनी एकदा स्पष्टच सांगितलं, ‘हा त्यांच्या सणाचा पदार्थ आहे. आपल्या घरात नको.’ दादी काही बोलली नाही. तिने पातेलं माळ्यावर ठेवलं. त्यानंतर पाच वर्षांनी ती गेली.

चाचांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दुसऱ्या धर्माचे धार्मिक विधी आपण करू नयेत, असं अनेक उलेमा सांगतात आणि ते समजण्यासारखं आहे. मी मुफ्ती नाही. पण कुरआनच्या पाचव्या सूरेचं नावच ‘अल्-माइदा’, म्हणजे अन्न मांडलेलं दस्तरख्वान. त्याच सूरेत किताबवाल्यांचं अन्न मुसलमानांना आणि मुसलमानांचं अन्न त्यांना हलाल असल्याचं आलं आहे. शेवटाकडे हजरत ईसांच्या शिष्यांची गोष्ट आहे. ते आकाशातून दस्तरख्वान मागतात आणि हजरत ईसा दुआ करतात की ते आमच्या पहिल्या-शेवटच्या सर्वांसाठी ईद ठरो. विधी वेगळा, विश्वास वेगळा. शेजाऱ्याला थाळी देणं वेगळं. आजोबांच्या सारंगाला हा फरक किताब न वाचता कळला होता. त्या स्वयंपाक्यानेही न विचारता सांगितलं होतं, दारू नाही, चरबी नाही. दोघांनी एकमेकांची मर्यादा जपली आणि मग एकत्र खाल्लं. मर्यादा पाळूनही माणूस जवळ येतो, हे मला त्यातून शिकण्यासारखं वाटतं.

२०२१ च्या जुलैत सावित्रीला पूर आला. महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरड कोसळली, पोलादपूरकडेही दरडींनी माणसं नेली. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना माळ्यावर दादीचं पातेलं सापडलं. एवढ्या उंचीवर असल्यामुळे तेच तेवढं कोरडं. त्या आठवड्यात जेवणाची पाकिटं कुठून कुठून येत होती. मशिदीतून, मठातून, संस्थांकडून. कुणाच्या हातचं, हे त्या दिवसांत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. पोटात भूक आणि अंगावर चिखल असला की माणसं शहाणी होतात. पण पूर ओसरल्यावर तो शहाणपणा किती दिवस टिकतो?

गेल्या डिसेंबरात माझ्या पुतणीने ते पातेलं मागितलं. ती मुंबईत शिकते. तिथल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीकडे तिने बेबिंका खाल्ला आणि मला फोन करून म्हणाली, ‘काका, हा तर दादीचा केक!’ २५ तारखेला ती घरी आली. तिने ओव्हनचा वरचा कॉइल लावला, मी हट्टाने दोन थर निखाऱ्यावर भाजायला लावले. पहिला थर करपला. तिसऱ्याला तूप जास्त झालं. नारळाचं दूध पातळ काढलं गेलं होतं, म्हणून चौथा थर बसेचना. सकाळी आठला सुरू केलेलं काम दुपारी दीडला संपलं. उलटा पाडला तेव्हा सात थर मोजता येत होते, जरा तिरपे.

मग जुन्या वाटेने थाळ्या निघाल्या. शेजारच्या घरी आता आमच्या बालपणच्या काकू नाहीत, त्यांची सून आहे. तिने थाळी घेतली, ‘थांबा’ म्हणाली आणि रिकामी परत न देता तिळाचे लाडू घालून दिली. जुनी रीत तिला तिच्या सासूने सांगितली असणार. क्रांतिस्तंभावरून परतताना माझा एक बौद्ध मित्र घरी आला. त्याने खाता खाता विचारलं, ‘फत्तेखानांची जागा नक्की कुठवर होती?’ मग तासभर आम्ही कागदावर रेघा ओढत बसलो.

चाचांकडे मी स्वतः गेलो नाही. पुतणीला पाठवलं. तिने सांगितलं, त्यांनी थाळीकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आतून चाचीने ती घेतली. मला वाटलं, एवढं झालं तरी पुष्कळ.

संध्याकाळी मगरिबनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चाचा भेटले. सलाम झाला. चपला घालता घालता माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘अम्मा प्रत्येक थरावर जायफळ किसायची. तुम्ही एकदाच घातलंत.’